शोध नगराचा, लाभ लोखंडाचा

आमच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, नातीने स्नेहसंमेलनात मिळवलेली ढाल आणि आईच्या वेळची पितळी समई यांच्या मधोमध एक दगड ठेवला आहे. आकाराने मुठीएवढा. खाली पांढुरक्या पाकळ्यांची दाटी आणि तिच्यावर बसलेले फिकट हिरवे, काचेसारखे स्फटिक. घरी येणारा नवा पाहुणा तो हमखास हातात घेतो, खिडकीच्या उजेडाकडे धरतो आणि विचारतो, हा कुठून आणलात? मी सांगतो, सिन्नर तालुक्यातल्या एका विहिरीतून. पाहुण्याचा विश्वास बसत नाही. नाशिकची द्राक्षे त्याला ठाऊक असतात, चिवडा ठाऊक असतो, गोदाकाठ ठाऊक असतो. पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या पोकळ्यांमध्ये निसर्गाने आपल्या पायाखाली जवाहिरखाना भरून ठेवला आहे, हे पुष्कळ नाशिककरांच्याही गावी नसते. सिन्नरला गारगोटी संग्रहालय उभे राहिले, तेव्हापासून निदान शाळेच्या सहली तरी ते पाहून येतात.

या दगडाची कथा माझ्या बँकेतल्या दिवसांची आहे. मी परदेशी हुंडणावळीच्या टेबलावर होतो. एका व्यापाऱ्याची निर्यातीची बिले आमच्याकडे येत. मालाच्या रकान्यात लिहिलेले असे, खनिजांचे नमुने. एकदा चहा घेता घेता त्याने सांगितले, की अमेरिकेत टूसॉन नावाच्या गावी दर वर्षी फेब्रुवारीत दगडांची मोठी जत्रा भरते आणि आपल्याकडचे स्फटिक तिथे हातोहात खपतात. त्याच जत्रेत, तो म्हणाला, आकाशातून पडलेले दगडही मिळतात. सहारातून, ओमानच्या वाळवंटातून गोळा करून आणलेले. त्यांचा भाव ग्रॅमवर असतो. मला तेव्हा हसू आले होते. आकाशातून फुकट पडलेल्या वस्तूला भाव?

त्याच आठवड्यात विहिरीच्या कर्जाचा हप्ता भरायला एक शेतकरी आला. सुरुंग लावताना विहिरीत हिरवे खडे निघाले, एका माणसाने येऊन पोतेभर उचलले आणि चहापाण्याचे पैसे दिले, असे त्याने मोठ्या आनंदाने सांगितले. पेढ्यांच्या पुडीबरोबर त्याने एक खडाही माझ्या टेबलावर ठेवला. पोते कोणाकडे गेले आणि त्याचे पुढे किती मार्क झाले, ते माझ्यासमोरच्या बिलात लिहिलेले होते. कागदपत्रे चोख होती. मी बिल मंजूर केले आणि शेतकऱ्याला काही बोललो नाही. ग्राहकाचा व्यवहार दुसऱ्याला सांगायचा नाही, हा बँकेचा नियम. नियम बरोबरच होता. पण तो दगड शोकेसमध्ये ठेवला, तेव्हापासून माझ्याकडे पाहतो आहे असे मला वाटते.

निवृत्तीनंतर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक माणूस भेटला. आकाशातून पडलेल्या लोखंडाची गाठ त्याच्याशी वाळवंटात पडली, आणि तीही नको असताना. त्याचे नाव हॅरी सेंट जॉन फिल्बी. आज ही कथा सांगायची आहे ती त्याची. पण ती वाचताना माझ्या डोळ्यांपुढून विहिरीतला खडा हलत नव्हता, म्हणून त्याच्यापासून सुरुवात केली.

फिल्बीचा जन्म ३ एप्रिल १८८५ रोजी सिलोनमधल्या बादुल्ला येथे झाला. वडील चहामळेवाले. शिक्षण इंग्लंडात, वेस्टमिन्स्टर शाळेत आणि नंतर केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात. १९०८ साली आय.सी.एस. होऊन तो पंजाबात आला. म्हणजे आपल्याच देशात त्याने सरकारी फायलींवर पहिल्या सह्या केल्या. स्वभाव भांडखोर, भाषांची मात्र विलक्षण देणगी. वरिष्ठांना चूक म्हणायचे आणि ती चूक लेखी सिद्ध करायची, हा त्याचा आवडता छंद. असा अधिकारी प्रत्येक कचेरीत एखादा असतो आणि त्याची बदली लवकर होते, हे बँकवाल्यांना वेगळे सांगायला नको. १९१० मध्ये डोरा जॉन्स्टनशी त्याचे लग्न झाले. त्या लग्नात नवरदेवाच्या शेजारी उभा होता त्याचा दूरचा नातलग, एक तरुण लष्करी अधिकारी. दुसऱ्या महायुद्धात गाजलेला माँटगोमेरी तो हाच. १९१२ च्या १ जानेवारीला अंबाल्यात मुलगा झाला. किपलिंगच्या कादंबरीतल्या मुलावरून घरात त्याला किम म्हणू लागले. या किमकडे आपण शेवटी येऊ.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि १९१५ साली अरबी जाणणारा म्हणून फिल्बीला बसऱ्याला पाठवण्यात आले. १९१७ च्या अखेरीस त्याला रियाधला इब्न सौदकडे वकील म्हणून धाडले. इब्न सौद तेव्हा मध्य अरबस्तानातला एक अमीर होता. आजचे सौदी अरबस्तान जन्माला यायचे होते. दोघांचे सूर जुळले ते कायमचे. रियाधहून परत यायचे सोडून फिल्बी उंटावरून थेट पश्चिमेला निघाला आणि तांबड्या समुद्राच्या काठी जेद्दाला पोहोचला. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सारे अरबस्तान त्याने ओलांडले होते. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १९२० मध्ये त्याला सुवर्णपदक दिले. सरकारशी मात्र त्याचे पटेना. इराकमध्ये भांडण झाले, ट्रान्सजॉर्डनमध्ये भांडण झाले. शेवटी नोकरी सोडून तो जेद्दाला व्यापारी होऊन बसला आणि फोर्ड मोटारींची एजन्सी चालवू लागला. १९३० साली त्याने इस्लाम धर्म स्वीकारला. नवे नाव अब्दुल्ला.

पण मोटारी विकणे हे त्याचे पोट होते, मन दुसरीकडे होते. १९१८ साली एका प्रवासात मुर्रा जमातीच्या बदाऊंनी त्याला एक गोष्ट सांगितली होती. दक्षिणेला रुब अल खाली आहे, म्हणजे रिकामा मुलूख. आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आकाराचा वाळूचा समुद्र. त्याच्या पोटात एक नगर गाडले गेले आहे. आद लोकांचा राजा तिथे राज्य करी. ऐश्वर्याने तो उन्मत्त झाला, देवाच्या दूताचे त्याने ऐकले नाही. मग आकाशातून आग उतरली आणि नगर जळून गेले. तिथे आजही जळलेल्या भिंती दिसतात आणि उंटाएवढा लोखंडाचा गोळा पडलेला आहे. त्या जागेला बदाऊ अल हदीदा म्हणत. हदीद म्हणजे लोखंड. नगराचे नाव फिल्बीने वाबार असे नोंदवून घेतले.

ही गोष्ट वाचली आणि मला लोणार आठवले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. तिथेही स्थानिक माणूस सरोवराच्या काठावर उभे करून लवणासुराची कथा सांगतो. राक्षस उन्मत्त झाला, विष्णूने बालकाचे रूप घेऊन त्याचा वध केला, आणि जमिनीत हे भगदाड राहिले. दैत्यसूदनाचे सुंदर मंदिर त्या कथेची साक्ष म्हणून आजही उभे आहे. दोन मुलूख, दोन धर्म, आणि गोष्ट एकच. जमिनीला एवढी मोठी जखम झाली आहे, तर कोणाचे तरी पाप मोठे असलेच पाहिजे. माणसाला कारण लागते, आणि भूगर्भशास्त्र येईपर्यंत थांबायला त्याला वेळ नसतो.

फिल्बीने चौदा वर्षे ते नगर मनात बांधले. रिकामा मुलूख ओलांडणारा पहिला युरोपीय आपणच व्हायचे, हेही ठरलेले. पण राजाची परवानगी मिळेना आणि दिवस जात राहिले. तेवढ्यात १९३१ च्या फेब्रुवारीत बर्ट्रम थॉमस नावाच्या दुसऱ्याच इंग्रजाने दक्षिणेकडून उत्तरेकडे तो मुलूख पार केला. फिल्बीला ते फार लागले. ज्यांनी वर्षानुवर्षे एखाद्या बढतीची वाट पाहिली आणि ती शेजारच्या टेबलावर गेलेली पाहिली, त्यांना त्याच्या मनाची कल्पना येईल. आता त्याच्याजवळ उरले होते ते फक्त वाबार.

अखेर परवानगी आली. १९३२ च्या जानेवारीत हुफूफहून काफिला निघाला. रमजानचा महिना. थंडीचे दिवस असले तरी दुपारी वाळू तापे आणि रात्री हाडे गोठत. वाटाड्यांना तारे आणि वाळूच्या टेकड्या वाचता येत. फिल्बीला नकाशा काढता येत होता, पण पुढची विहीर कुठे ते त्यांनाच ठाऊक होते. चौदा वर्षांची वाट आणि साडेतीन आठवड्यांचा प्रवास संपवून फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो एका टेकडीवर चढला. समोर काळ्या, पडक्या भिंतींचे गोल कडे दिसत होते. जळालेल्या किल्ल्याचे असावे तसे.

जवळ गेल्यावर तिथे नगर नव्हते. विवरे होती. वाळूने अर्धवट भरलेली, कडेला काळ्या-पांढऱ्या वितळलेल्या दगडाची दाटी. मोठ्या विवराचा व्यास शंभर मीटरच्या आसपास. फिल्बीने खाली पाहिले आणि त्याला वाटले, हा ज्वालामुखी आहे. भिंती नाहीत, खांब नाहीत, शिलालेख नाहीत. त्याच्या माणसांना मात्र नगर स्पष्ट दिसत होते. काळ्या काचेच्या बारीक बारीक गोळ्या वाळूत विखुरल्या होत्या. आद राजाच्या स्त्रियांचे ते आगीत काळे पडलेले मोती, म्हणून त्यांनी त्या वेचून घेतल्या. उंटाएवढा लोखंडी गोळा मात्र कुठेच दिसेना. खूप शोधल्यावर सशाएवढा एक तुकडा मिळाला. वजन सुमारे अकरा किलो. फिल्बी निराश झाला. तुकडा, काचेचे नमुने आणि निराशा उंटावर लादून तो पुढे निघाला.

पुढचा प्रवास याहून कठीण होता. पाण्याचा थेंब नसलेला जवळजवळ सहाशे किलोमीटरचा पट्टा पश्चिमेकडे ओलांडायचा होता. पहिल्या प्रयत्नात माणसे आणि उंट दोन्ही थकले आणि मागे फिरावे लागले. सोबत्यांशी रोज खटके उडत. लहान तुकडी घेऊन फिल्बीने पुन्हा तो पट्टा गाठला आणि मार्चमध्ये सुलय्यिलला पोहोचला. थॉमसने कधी हात न लावलेली वाट त्याने पार केली होती. पण त्याचे नाव शास्त्राच्या पुस्तकात गेले ते या धाडसामुळे नव्हे. गेले ते त्या सशाएवढ्या तुकड्यामुळे.

तुकडा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. तिथल्या खनिज विभागातल्या लिओनार्ड स्पेन्सर यांनी तो तपासला. लोखंडात निकेलचे प्रमाण मोठे होते. पृथ्वीवरच्या खाणीतले लोखंड असे नसते. काळी काच म्हणजे वाळूच वितळून झालेली आणि तिच्यात निकेलयुक्त लोखंडाचे अतिसूक्ष्म थेंब अडकलेले. ज्वालामुखीची उष्णता याला पुरत नाही. अवकाशातून आलेला लोखंडाचा मोठा पिंड प्रचंड वेगाने वाळूवर आदळला, त्या क्षणी वाळू उकळली आणि तिचे थेंब आजूबाजूला पावसासारखे पडले. त्या काळी पृथ्वीवर उल्केने पडलेली म्हणून मान्यता पावलेली विवरे बोटांवर मोजण्याइतकी होती. वाबार त्यांत जाऊन बसले. पुढच्या अभ्यासकांनी हिशेब केला, तेव्हा त्या स्फोटाची ताकद हिरोशिमाच्या बॉम्बच्या जवळपास निघाली.

म्हणजे आकाशातून आग उतरली, हे बदाऊंचे म्हणणे अक्षरशः खरे होते! आपले लोणारही पुष्कळ काळ ज्वालामुखीच समजले जात होते. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली, पण ते उल्केच्या आघाताने झाले यावर शास्त्रज्ञांचे शिक्कामोर्तब व्हायला १९७३ साल उजाडावे लागले. दोन्हीकडे लोककथा आकाशाकडे बोट दाखवत होती आणि शिकलेली माणसे जमिनीखाली पाहत होती.

लोखंडाची गोष्ट अजून संपलेली नाही. उंटाएवढ्या गोळ्याची कथा अतिशयोक्ती ठरवून फिल्बी निघून गेला होता. वाबारच्या टेकड्या वाऱ्याबरोबर सरकतात. आज झाकलेले उद्या उघडे पडते. १९६५-६६ च्या सुमारास तिथे गेलेल्या लोकांना वाळूतून वर आलेला एक गोळा दिसला. वजन सुमारे दोन टन. यंत्रांच्या मदतीने तो उचलून रियाधला नेण्यात आला. वाटाड्यांचा शब्द खरा ठरला. पण ते ऐकायला फिल्बी हयात नव्हता.

एक गोष्ट मात्र बदाऊंच्या कथेत बसली नाही. अलीकडच्या तपासणीत वाबारचा आघात काही शतकांपूर्वीचाच असावा असे निघाले. आद लोकांची कथा त्याहून कितीतरी जुनी आहे, कुराणातही तिचा उल्लेख आहे. म्हणजे आधी कथा होती, नंतर आग पडली, आणि लोकांनी आग कथेला जोडून दिली. नगराचा शोध थांबलेला नाही. १९९२ मध्ये ओमानमधल्या शिस्र येथे ते सापडल्याचा गाजावाजा झाला, पण विद्वानांचे त्यावर एकमत नाही.

फिल्बीच्या आयुष्यात यानंतर एक मोठा व्यवहार झाला, आणि बँकवाला म्हणून मला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाळवंटातून परतल्यावर वर्षभरातच इब्न सौदच्या राज्यात तेल शोधण्याच्या हक्कासाठी परदेशी कंपन्यांची चढाओढ सुरू झाली. फिल्बी गुपचूप अमेरिकन कंपनीचा सल्लागार होता, राजाचा मित्र होता, आणि इंग्रज कंपनीलाही आपला माणूस वाटत होता. २९ मे १९३३ रोजी करार झाला. ऑगस्टमध्ये ३५,००० सोन्याची नाणी जेद्दाच्या एका डच बँकेच्या टेबलावर एकेक करून मोजण्यात आली. कागदपत्रे तिथेही चोखच असणार. १९३८ साली तेल लागले आणि पुढे काय झाले ते आपल्या मोटारीच्या टाकीला ठाऊक आहे. ज्या माणसाने वाळूत लोखंड पाहून नाक मुरडले, त्याच्याच मध्यस्थीने त्या वाळूखालचे खरे धन जगाच्या बाजारात गेले.

उरलेले आयुष्यही वादळीच. १९३९ मध्ये युद्धविरोधी उमेदवार म्हणून इंग्लंडात पोटनिवडणूक लढवली, अनामत गेली. १९४० साली अमेरिकेला जाताना हिंदुस्थानात त्याला अटक झाली आणि इंग्लंडात नेऊन काही महिने स्थानबद्ध केले. युद्धानंतर तो अरबस्तानात परतला. बेल्जियन विद्वानांबरोबर फिरून त्याने हजारो प्राचीन शिलालेखांची नोंद केली. पक्षी गोळा केले. अरबस्तानातल्या एका सुतारपक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्याच्या पत्नीचे, डोराचे नाव आहे. वर्षानुवर्षे एकटीने घर चालवणाऱ्या बाईला एक सुतारपक्षी मिळाला. नगर हवे होते ते मिळाले नाही, पण वाटेवर जे जे सापडले ते तो माणूस वेचत राहिला, एवढे खरे. इब्न सौदच्या मृत्यूनंतर त्याने दरबारी उधळपट्टीवर उघड टीका केली. १९५५ मध्ये त्याला देशाबाहेर काढले, पुढे परत येऊ दिले. ३० सप्टेंबर १९६० रोजी बैरूतमध्ये तो वारला. मुसलमानांच्या कबरस्तानात त्याचे दफन झाले. दगडावर काय लिहायचे ते मुलाने, किमने ठरवले. अरबस्तानचा सर्वांत मोठा संशोधक, अशा अर्थाच्या त्या ओळी. तीन वर्षांच्या आत तो किम बैरूतहून नाहीसा झाला आणि मॉस्कोत प्रकटला. सोव्हिएत रशियासाठी हेरगिरी करणारा प्रसिद्ध किम फिल्बी तो हाच. बाप उघडपणे सरकारशी भांडला, मुलाने गुपचूप सरकार विकले.

त्या विवरांचे काय झाले? १९३२ मध्ये मोठे विवर सुमारे बारा मीटर खोल होते. १९६१ मध्ये आठ मीटर उरले. १९८२ पर्यंत ते जवळपास भरून गेले होते. वाळू आपले काम करते आहे. आता वाबार बघायचे तर संग्रहालयात. तिथे तुकड्यांखाली नाव फिल्बीचे असते. चुकीचे ऐकून लिहिलेले वाबार हेच शास्त्रात रूढ झाले. अल हदीदा हे वाटाड्यांनी दिलेले, साधे आणि खरे नाव मागे पडले. लोखंड तिथे आहे हे त्या नावातच होते. फिल्बी ऐकत होता ते नगराचे नाव.

हल्ली आकाशातल्या दगडांचा व्यापार वाढला आहे. सहारातले भटके, ओमानमध्ये जीपमधून फिरणारे परदेशी शोधक, टूसॉनचे दलाल अशी साखळीच आहे. काही देशांनी असे दगड बाहेर न्यायला बंदी घातली आहे. आपल्याकडे पडलेल्या उल्का भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ताब्यात जातात. हे कायदे हवेतच. पण दगड कोणाचा, या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न असतो. तो कोणी दाखवला? पहिल्याचे उत्तर कायदा देतो. दुसऱ्याचे उत्तर चिठ्ठीवर लिहावे लागते, आणि ते लिहायचा आपल्याला कंटाळा असतो.

फिल्बीचे पुस्तक संपले त्या रात्री मी शोकेस उघडली. दगड बाहेर काढला, पुसला. एका जाड कागदाच्या पट्टीवर गावाचे नाव लिहिले, विहीर खोदल्याचे साल लिहिले आणि त्या शेतकऱ्याचे पूर्ण नाव लिहिले. कर्जखात्यावर मी ते इतक्या वेळा लिहिले होते, की अजून पाठ आहे. पट्टी दगडाखाली ठेवली. आता पाहुण्याने विचारले, तर मी काही बोलत नाही. फक्त पट्टीकडे बोट दाखवतो.